टेकडीखालचा ओहोळ आणि तू

प्रज्ञा,

काल तुझा जलदान विधी झाला. कांजूरमार्गला तुमच्या बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. समोर बुद्धमूर्ती, शेजारी तुझा फोटो. कॉलेजच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलेला, कपाळावर आठी असलेला. वारा कचऱ्याच्या डम्पिंगच्या बाजूने होता म्हणून खिडक्या बंद होत्या आणि पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. त्रिसरण-पंचशील झालं. मग एकेक जण बोलायला उठला. आपले प्रिन्सिपल म्हणाले, "प्रज्ञा मॅडम निसर्गप्रेमी होत्या." मी झटकन तुझ्या फोटोकडे बघितलं. हा शब्द ऐकला की तू खवळायचीस. "प्रेम-बिम काय गं? मी काय सनसेट बघायला जाते? मला त्रास होतो म्हणून जाते."

मग तुझ्या भावाने, संजयदादाने, माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, माइक हातात घेतला आणि शेजारच्या बाईंकडे दिला. इतकी वर्षं मुलांना मराठी शिकवते मी, पण एक धड वाक्य तयार होईना. मला बोलायचं होतं ते त्या हॉलशी नव्हतंच, तुझ्याशी होतं. आणि त्यातलं निम्मं भांडण होतं. तुझ्या आईसमोर तुझ्याशी भांडायला मला जमलं नाही. म्हणून आज लिहिते आहे.

आपली ओळख तुझ्या डब्याने झाली. तू नवीन लागली होतीस, जीवशास्त्राला. स्टाफरूममध्ये माझ्यासमोर स्टीलचा डबा ठेवून तू हात धुवायला गेलीस. माझी भाजी खारट झाली होती, म्हटलं बघू या नव्या बाईंनी काय आणलंय. झाकण उघडलं तर आत ओला पाला आणि पाल्यातून एक खेकडा माझ्याकडे बघतोय. मी अशी किंचाळले की शेजारच्या वर्गातली मुलं धावत आली. तू शांतपणे झाकण लावलंस आणि म्हणालीस, "घाबरला ना बिचारा." मी म्हटलं, "आणि मी?" तर म्हणालीस, "तू दुसऱ्याचा डबा का उघडलास?" पहिल्याच दिवशी अगं-तुगं. नंतर तुझी पोळीभाजी आपण दोघींनी वाटून खाल्ली.

तो खेकडा मुलुंडचा होता. शेवटच्या बिल्डिंगा संपतात, पायथ्याची वस्ती लागते आणि वस्तीच्या डोक्यावर टेकडीचा उतार सुरू होतो, तिथल्या ओहोळातला. मी लहानपणापासून मुलुंडची. तो ओहोळ म्हणजे आमच्या लेखी पावसाळ्यात वस्तीत पाणी घुसवणारी कटकट. तू मला श्रावणात तिथे नेलंस. निसरड्या दगडांवरून मी हातापायांवर चढत होते आणि मनात तुला शिव्या देत होते. वर एका कातळाच्या भेगेत तू टॉर्च मारलास आणि मला वाकायला सांगितलंस. अंगठ्याच्या नखाएवढी पाठ, काळ्या वांग्याच्या रंगाची, आणि नांग्या हळदीसारख्या पिवळ्या. ती मादी होती. तू तिला अलगद उलटी धरलीस. पोटाखालच्या पडद्यात मोहरीएवढी पिल्लं, एकमेकांना बिलगून, प्रत्येकाला डोळे, प्रत्येकाला नांग्या. "समुद्रातल्या खेकड्यांची पिल्लं पाण्यात सोडली जातात, वाहत कुठेही जातात," तू म्हणालीस. "यांची नाही. ही आईच्या पोटाशीच वाढतात आणि मग तिच्याच भेगेशेजारची भेग धरतात. म्हणून यांना दुसरं गावच नसतं गं. हा ओहोळ गेला की संपलं."

तेव्हा मला ते नुसतं ऐकायला छान वाटलं होतं.

तुला संशय आला होता की हा खेकडा कुणाच्या यादीतच नाही. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे तुझं आवडतं वाक्य. पुण्याच्या एका अभ्यासकांना तू फोटो पाठवलेस, त्यांनी कळवलं की फोटोवरून काही सांगता येणार नाही, नमुने लागतील. नराचे पोटाखालचे अवयव भिंगाखाली बघितल्याशिवाय जात ठरत नाही. म्हणजे मारावं लागणार. तू ते काम प्रयोगशाळेत केलंस, मुलं घरी गेल्यावर. मी शेजारी स्टुलावर बसले होते. तू आधी त्यांना बर्फात ठेवलंस, ते निपचित होईपर्यंत थांबलीस आणि मग स्पिरिटच्या बाटल्यांत सोडलंस. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यास, हात धुतलेस. नंतर म्हणालीस, "ओळख पटवायला मारायचं. काय धंदा आहे यार." आणि नळ चालू ठेवून बराच वेळ पाठमोरी उभी राहिलीस. मी उठून नळ बंद केला नाही. तुला कुणी रडताना बघितलेलं आवडत नसे.

पुण्याहून उत्तर आलं तेव्हा तू वर्गात होतीस. माझ्या वर्गाच्या दारात येऊन मला खूण केलीस, मी 'समासा'चा तास सोडून बाहेर आले. "नवीन आहे," तू म्हणालीस. "मीने, नवीन आहे तो. जगात कुठेच नोंद नाही." कॅन्टीनमध्ये तू सगळ्यांना वडापाव खिलवलास आणि कारण विचारलं तर सांगितलंस, "असंच."

त्याच सुमारास वस्तीमागच्या उताराला संरक्षक भिंत घालायचं काम मंजूर झालं.

आणि इथून आपलं भांडण सुरू होतं. उतार खचत होता, हे खरंच होतं. आदल्या पावसात दोन घरांच्या मागे माती येऊन बसली होती. वस्तीने भिंतीसाठी खूप चपला झिजवल्या होत्या. नकाशात भिंत सरळ ओहोळाच्या अंगावरून जात होती, ओहोळ पाइपात आणि वर सगळा उतार सिमेंटने लिंपलेला. मी म्हटलं, "पेपरात दे. उद्याच्या उद्या दे. मुंबईत नवी जात सापडली, हे कळलं की बोंब होईल, काम थांबेल." तू म्हणालीस, "आणि खाली राहणाऱ्यांचं काय? पेपरवाले लिहितील, झोपडपट्टीमुळे दुर्मीळ खेकडा धोक्यात. ती माणसं व्हिलन होतील. मी नाही देणार."

"मग बघत बस."

"बसणार नाही. बोलेन."

"कुणाशी? ठेकेदाराशी? तू भोळी आहेस प्रज्ञा."

तेव्हा तू ती गोष्ट सांगितलीस. घाटकोपरच्या टेकडीवर तुम्ही राहायचात तेव्हाची. तुझे बाबा गावाहून आले आणि त्यांना परवडली ती जागा उतारावरची. शेजारच्या खोलीत तुझ्या वयाची सुषमा होती, तुम्ही एका पाटीवर लिहायचात. एका पावसात दरड आली. तुमची खोली राहिली, त्यांची गेली. हे सगळं तू आवाज न चढवता, चहाच्या कपातली साय बोटाने काढत सांगितलंस. "तिला बाहेर काढताना मी बघितलंय. तिच्या नाकात माती होती. आता मी जाऊन त्या लोकांना सांगू, भिंत नको?"

तरी मी भांडत राहिले, कारण मला तुझा चेहरा दिसत होता. दुसऱ्या बाजूने तुला तो ओहोळही सोडवत नव्हता.

वस्तीतली सभा तुला आठवत असेल. समाजमंदिरात लोक दाटीवाटीने बसले होते आणि तू कामावरच्या इंजिनियरांच्या शेजारी उभी. खेकड्याचा फोटो बघून मालवणकडच्या रेखाताई आधी हसल्या. "ही कसली कुर्ली! ह्येचा कालवण करूचा तर टोपलीभर व्हयी." सगळे हसले, तूही हसलीस. मग त्याच उठून उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि तुझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "बाई, माझो झील मेलो तर कोण रडतलो? तुमची कुर्ली?"

तू म्हणालीस, "ताई, मुलगा आधी. भिंत व्हायलाच पाहिजे. मी भिंत थांबवायला आलेली नाही. फक्त पाण्याला वाट ठेवा म्हणते. पाणी कोंडलं तर तेच उद्या भिंतीला ढकलेल." मग तू त्यांना चित्र काढून दाखवलंस. सिमेंटच्या ऐवजी लोखंडी जाळ्यांत दगड भरून रचलेली भिंत, मधून पाणी झिरपतं, आणि ओहोळासाठी खाली रुंद दगडी मोरी. इंजिनियरांनी बराच वेळ ते चित्र बघितलं. "करता येईल," ते म्हणाले. ते तसे भले होते. रेखाताई म्हणाल्या, "भिंत पडूची नाय ना? मग ठेवा मोरी."

घरी जाताना तू रिक्षात गुणगुणत होतीस. तुला तसं गुणगुणताना मी नंतर ऐकलं नाही.

काम उन्हाळ्यात संपायचं होतं. आधी दगड आले नाहीत, मग जाळ्या आल्या नाहीत, मग मजूर गावी गेले, आणि काम नेहमीसारखं पावसात शिरलं. अर्धवट खणलेल्या उतारावरून लाल पाणी वस्तीत यायला लागलं. लोक भेदरले. ओरडले. त्यांचं काही चुकलं नाही. इंजिनियरांचा तुला फोन आला, मी शेजारीच होते. "मॅडम, आता दगडी कामाला वेळ नाही. वरून दबाव आहे. पाइप टाकून काँक्रीट करतोय. सॉरी." तू त्यांच्यावर ओरडली नाहीस. फक्त म्हणालीस, "थोडे दिवस द्या. पावसाने खेकडे भेगांतून बाहेर यायला लागलेत. मी हलवते त्यांना."

"प्रज्ञा, कुठे हलवणार?" मी विचारलं.

"टेकडीच्या पलीकडच्या अंगाला एक ओहोळ आहे."

"तिथे जगतील?"

"माहीत नाही."

तुझ्या तोंडून 'माहीत नाही' मी अनेकदा ऐकलं होतं. ते नेहमी उत्सुक असायचं. या वेळी तसं नव्हतं.

आपण बादल्या घेऊन जायचो. ओहोळाच्या कडेला मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यांची घाण त्याच पाण्यात, उंदीर दिवसाढवळ्या फिरत होते. मी गमबूट घातले होते. तू जुन्या सँडलवर उतरलीस. "गमबुटात दगडाखाली काय हलतंय ते पायाला कळत नाही," हे तुझं म्हणणं. पत्र्याने तुझी टाच कापली तेव्हा तू त्याच पाण्यात पाय धुतलास. रेखाताईही आल्या होत्या, भाजीची पाटी घेऊन. चिमटीत एकेक खेकडा धरून त्या पाल्यावर ठेवत होत्या आणि त्याला दटावत होत्या, "गप ऱ्हव, गप ऱ्हव." पोटाशी पिल्लं असलेल्या माद्या तू वेगळ्या बादलीत घेतल्यास. त्या बादलीला कुणाला हात लावू दिला नाहीस. चढावर ती तूच उचललीस, टाचेतून रक्त येत असताना.

काँक्रीटची गाडी आली तेव्हा वरच्या भेगांत अजून खेकडे होते. तुला माहीत होतं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तू बाजूला झालीस.

खाली उतरल्यावर तू पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलंस. लेप्टोची, उंदरांमुळे पसरणाऱ्या त्या तापाची, प्रतिबंधक गोळी. अशा पाण्यात पाय भिजले की घ्यायची असते, हे दर पावसाळ्यात तू वर्गात सांगायचीस. एक मला दिलीस, समोर उभी राहून गिळायला लावलीस. रेखाताईंना दिलीस. तू स्वतः घेतली नाहीस. मला तेव्हा वाटलं, तू आधीच घेतली असशील. नंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तूच मान हलवून नाही म्हणालीस. का गं? विसरलीस? पाकीट संपलं? की तुला काही वाटेनासंच झालं होतं? हा प्रश्न मी तुझ्या आईला विचारू शकत नाही. दुसऱ्या कुणालाही नाही. आणि तू असतीस तर म्हणाली असतीस, उगाच गोष्ट रचू नकोस, पुरावा काय? पुरावा काहीच नाही. म्हणून तर तो प्रश्न जात नाही.

ताप आला तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "व्हायरल आहे. मुलांचे पेपर घेऊन ये." मी आले तर तुझे डोळे लालभडक झाले होते आणि पोटऱ्यांना नुसता हात लावला तरी तू कळवळत होतीस. मी म्हटलं, "हे व्हायरल नाही." तू म्हणालीस, "मला कळतंय." बस, एवढंच. संजयदादाने रिक्षा आणली. त्यानंतर सगळं फार वेगाने झालं. कावीळ, मग किडन्या. आई आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून ओठांतल्या ओठांत वंदना म्हणत होती आणि आत जायची वेळ झाली की मला पुढे करत होती. "तू जा. तुझ्याशी बोलते ती."

तू आत होतीस तेव्हाच तो मोठा पाऊस झाला. उताराचा वरचा तुकडा सुटला. माती, दगड, एक अख्खं झाड भिंतीवर येऊन आदळलं. भिंत हलली नाही. वस्तीत कुणाच्या अंगावर ओरखडा नाही. मी आणि संजयदादा तुझ्याजवळ उभे होतो, त्याने वाकून तुला सांगितलं, "दरड आली होती. भिंतीने धरली."

तू तोंडावरचा मास्क बाजूला सरकवलास. "माणसं?"

"सगळी ठीक."

थोड्या वेळाने तू विचारलंस, "पाणी कुठून गेलं?"

"पाइपातून. व्यवस्थित गेलं."

तू डोळे मिटलेस. नर्सने मास्क परत लावला. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस, कुणाशीच नाही.

मी या संवादाचा अर्थ लावायचा प्रयत्न सोडून दिला आहे. कधी वाटतं, तुझं समाधान झालं. तुझी सुषमा वाचली असं वाटलं असेल. कधी वाटतं, आपण पेपरात दिलं असतं तर काम थांबलं असतं, ओहोळ राहिला असता, तू त्या घाणीत उतरली नसतीस. आणि लगेच दुसरं वाटतं, काम थांबलं असतं तर भिंत नसती, आणि ती माती रेखाताईंच्या घरात शिरली असती. तेव्हा मी तुझ्याशी त्वेषाने भांडले. आज कुणाच्या बाजूने भांडायचं ते कळत नाही. तू अर्धं भांडण माझ्या गळ्यात टाकून गेलीस आणि ही दुसरी बाजूही मलाच लढवावी लागते.

तुला स्मशानात नेलं तेव्हा रेखाताई वस्तीतल्या बायकांना घेऊन आल्या होत्या. त्यांना तुझं आडनाव माहीत नव्हतं. गेटवरच्या माणसाला त्यांनी सांगितलं, "आमच्या भिंतीची बाई." संजयदादाने ऐकलं आणि तो तिथेच कोसळून रडला. तुला हे नाव आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही. जी भिंत अशी बांधलेली तुला नकोच होती, तिची बाई.

तुझे आभार मानायचे राहिलेत ते मानते. माझ्या गावात मी चाळीशी गाठली आणि माझ्या घरामागे काय राहतं ते मला माहीत नव्हतं. मुलुंड म्हणजे स्टेशन, मार्केट, नातेवाईक. आता उताराकडे बघितलं की मला भेगा दिसतात. कॉलेजच्या गेटवरच्या उंबराखाली मी पाय जपून टाकते, कारण तिथे काय राहतं ते तू दाखवलंस. ही नजर तू दिलीस. पण खरं सांगू? आज ती नजर नको झाली आहे. आधी मला तिथे नुसतं सिमेंट दिसलं असतं.

मी पलीकडच्या ओहोळावर जाऊन आले. रेखाताई सोबत होत्या. पुन्हा गेले, पुन्हा गेले. दगड उलटे केले आणि तू शिकवलंस तसे परत जागेवर ठेवले. मोठे तपकिरी खेकडे आहेत तिथे, आधीपासूनचे. वांग्याच्या रंगाचा एकही दिसला नाही. रेखाताई म्हणाल्या, "लपली असतली." मी आणखी एक दगड उलटा केला.

आज सकाळी पुण्याहून फोन आला. ते अभ्यासक गृहस्थ. आधी तुझ्याबद्दल बोलले, मग थोडं अडखळत म्हणाले की शोधनिबंध छापायला तयार आहे आणि खेकड्याला तुझं नाव द्यायचं त्यांनी ठरवलं आहे. स्वतःच्या शोधाला स्वतःचं नाव देत नाहीत, तू असतीस तर जमलं नसतं, आता जमतं. मग म्हणाले, "एक वाक्य तेवढं राहिलंय. सध्याच्या स्थितीबद्दल. तुम्ही जाऊन बघितलंत असं संजय म्हणाले."

मला 'आहेत' म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. कुणाचं काय बिघडलं असतं?

"बघितलं," मी म्हटलं. "सापडले नाहीत."

"जुन्या जागी?"

"जुनी जागा नाही."

त्यांनी तिकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग त्यांनी वाक्य वाचून दाखवलं. ही जात फक्त मुलुंडमधल्या एका ओहोळात नोंदवली गेली, तो अधिवास आता नष्ट झाला आहे, हलवलेले खेकडे नव्या जागी पुन्हा आढळलेले नाहीत. "बरोबर आहे ना मॅडम? काही बदलायचंय?"

मी ते वाक्य त्यांना परत वाचायला लावलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "छापा."